न थांबणारा ठेका

लग्नसराई सुरू झाली की आमच्या टेबलावर दोन प्रकारचे कागद साचू लागतात. एक लग्नाच्या नोंदणीचे आणि दुसरे लग्नातील डीजेविरुद्धच्या तक्रारींचे. पहिले आनंदाने भरून घ्यावेत आणि दुसरे निमूटपणे खणात सरकवावेत, असा आमचा आजवरचा रिवाज. परंतु गेल्या मोसमात चर्चमागच्या आळीतील एका वृद्ध बाईंनी लिहिले, 'फादर, रात्री माझ्या फळीवरची भांडी नाचतात आणि सकाळी मिस्सेत मला झोप लागते. हे पाप कोणाच्या खात्यावर?' या प्रश्नाला आमच्या खणात जागा नव्हती. आम्ही त्या डीजेला बोलावणे पाठवले.

तो आला. आपल्याच धर्मग्रामातील पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण. त्याची आई आमच्या गायनवृंदात गाते. आम्ही भाषणाची तयारी करून बसलो होतो. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावू नये, हा २००० सालच्या नियमावलीतील दंडक, शेजारधर्म, आजारी माणसे, परीक्षेची मुले... त्याने सारे मान खाली घालून ऐकले आणि म्हणाला, "बरोबर आहे, फादर. बेस कमी करतो." प्रश्न तिथेच मिटायला हवा होता. पण जिंकलेल्या माणसाला आणखी थोडे जिंकण्याचा मोह होतो, तसा आम्हांला झाला. आम्ही म्हणालो, "आणि हे जे तू वाजवतोस ते संगीत तरी आहे का रे? वाजवते यंत्र. तू नुसती बटणे दाबतोस."

हे त्याला लागले. त्याने वर पाहिले. "फादर, पाच मिनिटं आहेत?" असे विचारून त्याने खिशातील मोबाइल काढला आणि आमच्या नोंदवहीवर ठेवला.

प्रथम ऐकू आला तो ठोका. एकसारखा, न चुकणारा, लग्नाच्या मंडपातून येतो तसाच. मग त्याखाली एक खर्जातील स्वरावली गरगर फिरू लागली. रबर ताणावे आणि सोडावे तसा तिचा आवाज. आमच्या चेहऱ्यावर 'बघ, आम्ही म्हणत नव्हतो?' असा भाव आला असावा. इतक्यात त्या ठोक्यावर एक सूर उमटला आणि आम्ही खुर्चीत सरळ झालो. आम्ही शास्त्रीय संगीताचे जाणकार नव्हे. पण सेमिनरीत असताना मराठी उपासनेची गीते नीट गाता यावीत म्हणून आम्हांला थोडेफार राग शिकवले गेले होते. कोमल रिषभ, कोमल धैवत, पहाटेची ती धीरगंभीर छाया. हा भैरव होता. डिस्कोच्या ठोक्यावर भैरव!

"कोण हा मुलगा?" आम्ही विचारले.

"मुलगा नाही, फादर. सरदारजी होते, आपल्या मुंबईचे. आणि हे १९८२चं आहे."

आमचा विश्वास बसला नाही. नंतर कळले की युरोपातही पुष्कळांचा बसला नव्हता.

त्या सरदारजींचे नाव चरणजीत सिंग. जन्म १९४०चा. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत ते १९६०च्या दशकापासून वाजवत. गिटार, बेस गिटार आणि पुढे सिंथेसायझर. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांकडे त्यांनी काम केले. पडद्यावर नाव येत नाही, मानधन शिफ्टवर ठरते आणि वाजवलेले सूर मात्र घरोघरी पोहोचतात, अशा शेकडो वादकांपैकी ते एक. शिवाय लग्नसमारंभांत वाजवणारा त्यांचा स्वतःचा बँड होता. ही माहिती देताना आमच्या पाहुण्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आले. "तेही लग्नात वाजवायचे, फादर."

तो काळ डिस्कोचा. १९७७ साली म्युनिकमध्ये जॉर्जो मोरोडर यांनी डॉना समर या गायिकेसाठी जवळजवळ संपूर्णपणे सिंथेसायझरवर एक गीत रचले आणि नृत्यसंगीताची दिशा बदलली. ते लोण आपल्याकडे पोहोचायला वेळ लागला नाही. १९८०मध्ये 'कुर्बानी' आला, १९८२मध्ये 'डिस्को डान्सर'. आम्ही तेव्हा शाळेत होतो आणि मिथुनच्या पांढऱ्या पोशाखाची आमच्या आळीत नक्कल न करणारा मुलगा शोधावा लागला असता. चित्रपटांतून तेच ते डिस्को ऐकून चरणजीत सिंगांच्या मनात आले की काही वेगळे करावे. राग घ्यावेत, ठोका डिस्कोचा ठेवावा आणि तबला बाजूला सारावा. कल्पना अशी साधी. ग्रामोफोन कंपनीने ती तबकडी एचएमव्हीच्या नावाने काढली. 'टेन रागाज टु अ डिस्को बीट', म्हणजे डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती एका बाजूस. मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी दुसऱ्या बाजूस. प्रत्येक राग सुमारे पाच मिनिटांचा.

कोणी घेतली नाही. राग ऐकणाऱ्यांना ठोका नको होता आणि ठोका ऐकणाऱ्यांना राग. तबकडी जुन्या बाजारात गेली, सिंग पुन्हा आपल्या कामाला लागले.

पुढे २००२ साली दिल्लीतील एका दुकानात एका डच संग्राहकाच्या हाती ती पडली. त्याने घरी नेऊन वाजवली आणि तो चकित झाला. कारण ज्या आवाजाला पाश्चात्त्य जग 'ॲसिड हाउस' म्हणते आणि ज्याची सुरुवात शिकागोच्या काही तरुणांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या तबकडीपासून मानतात, तो आवाज इथे पाच वर्षे आधी, मुंबईत, एका वाद्यवृंदातील वादकाने काढून ठेवला होता. संग्राहक मुंबईस आला, सिंगांना शोधून काढले आणि २०१०मध्ये ती तबकडी नेदरलँड्समधून नव्याने प्रकाशित झाली. काहींना ती थट्टाच वाटली. आजच्याच एखाद्या खोडकर युरोपीय कलावंताने सरदारजींच्या नावावर बनावट माल खपवला असावा, अशी कुजबुज झाली. मग सत्तरी ओलांडलेले खरेखुरे चरणजीत सिंग युरोपातील रंगमंचांवर उभे राहिले आणि नातवंडांच्या वयाची मुले त्यांच्या तोडी-मालकंसावर नाचू लागली. त्यानंतर फार दिवस त्यांना मिळाले नाहीत. जुलै २०१५मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

वृत्तपत्रांनी अर्थातच 'आपलाच माणूस पहिला' असा डंका पिटला. आम्हांला हे फारसे रुचत नाही. शिकागोतील त्या कृष्णवर्णीय तरुणांनी ही तबकडी ऐकली असण्याचा संभव जवळजवळ नाही. त्यांनी जे केले ते स्वतःच्या जगण्यातून केले. दोन माणसे दोन खंडांत एकाच यंत्राशी झटत बसली आणि दोघांना सारखेच काही गवसले. यात आश्चर्य आहे ते यंत्राचे, आणि त्याविषयी थोडे सांगितलेच पाहिजे.

रोलँड नावाच्या जपानी कंपनीने १९८१च्या सुमारास टीबी-३०३ नावाची चंदेरी रंगाची एक छोटी पेटी बाजारात आणली. एकट्याने गिटार वाजवणाऱ्या माणसाला साथीला बेस गिटारवादक नसेल तर त्याची उणीव भरून काढावी, हा तिचा हेतू. तो हेतू पूर्ण फसला. पेटीचा आवाज बेस गिटारसारखा वाटेना आणि तिला चाल शिकवणे हे तर दिव्यच. स्वर कोणते हे आधी एकदा सांगायचे, मग ते केव्हा नि किती वेळ वाजायचे हे पुन्हा स्वतंत्रपणे सांगायचे. सुमारे दहा हजार नग निघाले आणि १९८४मध्ये उत्पादन थांबले. टाकाऊ झालेल्या त्या पेट्या स्वस्तात विकत घेऊन शिकागोच्या मुलांनी त्यांतून नवा आवाज काढला. पण सिंगांनी ती नवी असतानाच सिंगापूरहून आणली होती. तिच्यासोबत त्याच कंपनीचे टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर होता.

या पेटीत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. पाश्चात्त्यांना ती गंमत वाटली. आपल्या कानाला ती मींड वाटते. स्वर तोडून न टाकता ओढून नेण्याची आपली सवय त्या जपानी पेटीत, कोणी न ठरवता, वास करून होती. सिंगांना ती सापडली. रागांच्या बाबतीत आमच्या काही शंका आहेत, त्याही सांगून टाकतो. भैरवाच्या रिषभाचे आंदोलन पट्टीवर नीट येत नाही. पहाटेचा ललित आणि मध्यरात्रीचा मालकंस एकाच लयीत धावतात, म्हणजे दिवस आणि रात्र यांना एकच घड्याळ. एखादे खाँसाहेब कानांवर हात ठेवतील आणि त्यांचे अगदीच चुकेल असे नाही. तरीही ती तबकडी ऐकताना आमच्या मनात वारंवार एकच गोष्ट येत राहिली, आणि ती संगीताविषयीची नव्हे. बेस गिटारवादकाची गरज उरू नये म्हणून जी पेटी बनवली गेली, ती विकत घेणारा हा माणूस स्वतः बेस गिटारवादक होता.

वाचकहो, इथवर आम्ही त्या तरुणाने दिलेल्या आनंदाविषयी लिहिले. तो निघून गेल्यावर मात्र आमची दुपार बरी गेली नाही.

हिंदी चित्रपटांच्या त्या वाद्यवृंदांत आपल्या लोकांचा वाटा किती मोठा होता, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. चर्चच्या गायनवृंदासाठी म्हणून दिलेली ती विद्या पुढे पोटासाठी मुंबईस आली. संगीतकार चाल गुणगुणत, आणि ती कागदावर उतरवून साठ-सत्तर जणांत वाटून देण्याचे काम सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे संयोजक करत. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन व्हायोलिन शिकले. 'अमर अकबर अँथनी' या १९७७च्या चित्रपटातील अँथनीचे पूर्ण नाव हे शिष्याने गुरूला केलेले वंदन होते, हे थिएटरात शिट्ट्या वाजवणाऱ्या किती जणांना माहीत असेल? ताडदेवचे फिल्म सेंटर, महालक्ष्मीचे फेमस, वांद्र्याचे मेहबूब या स्टुडिओंतून व्हायोलिनवाल्यांच्या रांगा बसत.

मग त्या रांगा विरळ होऊ लागल्या. १९७०च्या दशकात केरसी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर मुंबईत आणला तेव्हा ते एक नवल होते. १९८०च्या दशकात ते सोयीचे झाले आणि १९९०च्या दशकात रीत. चार व्हायोलिने घ्यायची, तीच तीनदा वाजवून एकावर एक चढवायची, खाली यंत्राचा भरणा करायचा, की चाळीसांचा भास होतो. छत्तीस खुर्च्या रिकाम्या. त्या खुर्च्यांवरचे लोक कुठे गेले?

त्यांतील एक आमच्याकडे आला होता.

१९९७ची गोष्ट. आम्हांला गुरुदीक्षा मिळून एकच वर्ष झाले होते आणि वसईतील एका धर्मग्रामात आम्ही सहायक धर्मगुरू होतो. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन व्हायला अजून काही महिने होते. मुंबईतील खोली विकून स्टेशनजवळ राहायला आलेल्या गोवेकर कुटुंबांपैकी एकातील हे गृहस्थ, साठीच्या पुढचे. सारे त्यांना अंकल म्हणत, आम्हीही. दर रविवारी आठच्या मिस्सेला ते टांग्याने यायचे. इस्त्रीचा पांढरा सदरा, बगलेत व्हायोलिनची काळी पेटी. पैसे घेत नसत. आमचा गायनवृंद म्हणजे शेतावरून धावतपळत येणाऱ्या बाया आणि एक कर्कश हार्मोनियम. पण अंकलचा गज तारेवर पडला की त्या बायांच्या आवाजाला वळण लागे. स्टुडिओविषयी ते फारसे बोलत नसत. एकदा म्हणाले होते, "आधी आम्ही चाळीस जण होतो, मग बारा, मग चार. मग मी घरी."

त्या वर्षी आखाती देशात नोकरी करणाऱ्या एका भाविकाने चर्चला कीबोर्ड भेट दिला. त्यात शंभर ताल होते. तरुण मुले हरखली आणि आम्हीही. खरे सांगायचे तर आम्हीच अधिक. बटण दाबले की ढोलकी, दुसरे दाबले की गिटार. एका रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या वेळी चुकीचे बटण दाबले गेले आणि सारी रांग वेदीकडे सांबाच्या ठेक्यावर सरकली. आम्ही तेव्हा हसण्यावारी नेले. आता आठवले की कानशिले तापतात.

नाताळच्या गीतांचा सराव सुरू झाला. कीबोर्डच्या ठेक्याबरोबर बायांना धावता येईना. ओळ संपली की त्या शेवटचे अक्षर धरून ठेवत, पदराने कपाळ टिपत, श्वास घेत आणि मग पुढची ओळ उचलत. अंकलचा गज त्यांच्यासाठी थांबे. ठेका थांबत नसे. दुसऱ्या कडव्यापर्यंत यंत्र एकीकडे, बाया दुसरीकडे आणि मध्ये अंकल. मुले खिदळू लागली. तिसऱ्या दिवशी सराव संपल्यावर आम्ही अंकलना बाजूला घेतले आणि म्हणालो, "अंकल, एवढ्या नाताळापुरती तुम्ही विश्रांती घ्या."

"हो, फादर," ते म्हणाले. व्हायोलिन पुसले, गज सैल केला, दोन्ही पेटीत ठेवले. दारापर्यंत जाऊन थांबले. "एक सांगू, फादर? या बाया ओळीच्या शेवटी श्वास घेतात. ते यंत्राला कोण सांगणार?"

म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, असे आम्हांला वाटले. नाताळ थाटात झाला. पुष्कळांनी आमचे अभिनंदन केले. अंकल मिस्सेला आले होते, मागच्या बाकावर, हात मोकळे. नाताळ सरला तरी आम्ही त्यांना बोलावले नाही आणि ते आपण होऊन आले नाहीत. पुढल्या वर्षी आमची बदली झाली. काही वर्षांनी एका वार्तापत्रात त्यांच्या निधनाची दोन ओळींची बातमी वाचली, तेव्हा आम्ही प्रार्थना म्हटली आणि पान उलटले.

यंत्राने अंकलची जागा घेतली, असे आम्ही इतकी वर्षे स्वतःला सांगत आलो. काळाचा महिमा, दुसरे काय? चर्चलाही नव्या वाद्यांशी जुळवून घेताना किती अडखळायला झाले आहे! परमगुरू दहावे पायस यांनी १९०३ साली चर्चमध्ये पियानो वाजवण्यास मनाई केली होती. ज्या वाद्याला आज आपण सर्वांत सभ्य समजतो, त्याला! तेव्हा कीबोर्डच्या नावाने आम्ही गळा काढणार नाही. बदलीनंतरच्या लहान धर्मग्रामांत त्याच यंत्राने आमची लाज राखली आहे. जिथे पेटी वाजवणारे कोणी नव्हते तिथे नववीतील मुलीने महिनाभरात साथ धरली.

पण त्या दुपारी, सरदारजींचा भैरव ऐकल्यावर, ते स्पष्टीकरण आमच्या घशाखाली उतरेना. सिंगांच्या तबकडीतही ठेका थांबत नाही. पहिल्या रागापासून दहाव्यापर्यंत तो ठोकतच असतो. मात्र त्यावरची सुरावट हाताने वाजवलेली आहे. रात्री दिवा मालवून आम्ही दहाही राग ऐकले आणि आमच्या कानाला असे वाटले की, तो हात कुठे कुठे ठोक्याच्या किंचित मागे राहतो, स्वराशी रेंगाळतो आणि मग सावकाश पुढे येतो. यंत्राला थांबवता येत नसेल, तर त्याच्यावर थांबून दाखवता येते. हे ज्याला समजले तो आयुष्यभर इतरांच्या चालीत वाजवलेला माणूस होता. यंत्राला चाल शिकवायला त्याच्याइतका लायक दुसरा कोण?

आणि आम्ही? स्वरलिपी पाहताक्षणी वाचणारा, तीस वर्षे स्टुडिओत बसलेला माणूस आमच्या समोर उभा होता. कीबोर्ड त्याच्यापासून चार हातांवर होता. 'अंकल, तुम्ही जरा बसून पाहता का?' एवढे वाक्य आम्हांला सुचले नाही. यंत्राला कोण सांगणार, हा त्यांचा प्रश्न आम्ही तक्रार म्हणून ऐकला. आज वाटते, तो अर्ज होता.

पंधरवड्याने आम्ही त्या तरुणाला घेऊन स्टेशनजवळच्या त्या इमारतीत गेलो. पत्ता जुन्या नोंदवहीत मिळाला. अंकलच्या सूनबाईंनी दार उघडले. आम्हांला त्यांनी ओळखले की नाही, ठाऊक नाही. पण 'या फादर' म्हणून आत घेतले, सरबत दिले. व्हायोलिन कपाटावर होते. पेटी उघडली तेव्हा गजाचे केस कसरीने खाल्लेले आणि चारांपैकी दोन तारा तुटलेल्या. राळेची वडी मात्र तशीच होती, मध्ये झिजून खोलगट झालेली. पेटीच्या झाकणात एक लांबट वही खोचलेली होती.

ती कामाची वही होती. तारीख, स्टुडिओ, तास, येणे, मिळाले. असे पाच रकाने, बारीक सुबक अक्षर. सुरुवातीची पाने गच्च भरलेली, एका दिवसात दोन-दोन नोंदी. पुढे ओळींत अंतर पडत गेलेले. १९९४च्या एका नोंदीनंतर कोरे अर्धे पान. आम्हांला वाटले, संपली. तरुणाने पान उलटले.

त्याच अक्षरात, त्याच रकान्यांत, पुन्हा नोंदी सुरू झाल्या होत्या. तारीख, रविवार. स्टुडिओच्या रकान्यात आमच्या त्या चर्चचे नाव. तास, एक. येणे आणि मिळाले या रकान्यांत लहानशी आडवी रेघ. एकही रविवार सुटलेला नव्हता. शेवटची नोंद डिसेंबर १९९७मधली. त्यात वार रविवार नव्हता, सरावाचा होता, आणि तासांच्या रकान्यात दोन लिहून पुढे कंसात 'नाताळ' असे लिहिले होते. त्याखाली काही नाही.

आम्ही बराच वेळ ते पान पाहत होतो. सूनबाईंनी विचारले, "फादर, तो कीबोर्ड आहे का अजून?"

"नाही," आम्ही म्हणालो. "तीन पावसाळ्यांत बिघडला."

तरुणाने ती वही न्यायला मागितली. पानांची छायाचित्रे काढून कोणत्या तारखेला कोणते गाणे झाले असेल ते शोधायचे, असे त्याच्या डोक्यात होते. सूनबाईंनी वही त्याच्या हातातून हळूच काढून घेतली आणि म्हणाल्या, "ही घराबाहेर जायची नाही. तुला पाहायची असेल तर इथे बसून पाहा." तो दर गुरुवारी संध्याकाळी जातो, असे ऐकतो. व्हायोलिनलाही त्याने दादरहून तारा आणल्या आहेत. वाजवणारे त्या घरात कोणी नाही, त्याला स्वतःला येत नाही. पण तारा चढवून तो प्रत्येक सूर एकेक करून ध्वनिमुद्रित करून घेतो आहे. त्याचे पुढे काय करणार, हे विचारायचे आम्ही टाळले.

डीजेच्या तक्रारीचे मात्र अजून मिटलेले नाही. त्या वृद्ध बाईंचे गेल्या आठवड्यात आणखी एक पत्र आले. भांडी आता कमी नाचतात, असे त्यांनी प्रामाणिकपणे कळवले आहे, पण नाचतात.